बिनपडद्याचा बास, एकदम झकास!

सुरीने सोललेला, इपॉक्सीने माखलेला, रबरी तारांवर झुलणारा, भंगारातून जन्मलेला... मंडळी, आज भेटूया जगातल्या सर्वांत जुगाडू वाद्याला! नाव त्याचं फ्रेटलेस बास.

गिटारच्या दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात ना? त्या फ्रेट. आपले सतारवाले त्यांनाच पडदे म्हणतात. बासवरचे हे पडदे काढले की बोटाला अडवणारं कुणी उरत नाही. सूर सरकतो, झुलतो, मींड घेतो आणि ऐकणाऱ्याच्या तोंडून ‘बास’ काही निघत नाही!

चला, पडदा वर!

माहीत आहे का, जगातला पहिला फ्रेटलेस बास गिटार कुठल्या कारखान्यात तयार झाला? कुठल्याच नाही. तो घरी झाला! साल १९६१. इंग्लंडमधल्या बिल वायमन नावाच्या तरुणाने एक स्वस्तातला बास घेतला. फ्रेट खराब होते, म्हणून त्याने ते काढून टाकले. नवे बसवायचेच होते, पण बिनफ्रेटचा आवाज कानाला असा काही लागला की नवे फ्रेट राहूनच गेले. पुढच्याच वर्षी हा पठ्ठ्या एका नव्या बँडमध्ये शिरला. बँडचं नाव रोलिंग स्टोन्स!

कंपन्यांना जाग यायला पाच वर्षं लागली. १९६६ मध्ये अँपेगने एयूबी-१ बाजारात आणला. कारखान्यातून बाहेर पडलेला हा पहिला फ्रेटलेस बास गिटार. त्याच्या अंगावरची व्हायोलिनसारखी ‘एफ’ आकाराची भोकं थेट आरपार! डोळा लावा, पलीकडचा माणूस दिसेल.

आता खरी गंमत ऐका. लिओ फेंडरने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ आणला. प्रिसिजन का? तर फ्रेटमुळे सूर नेमका लागतो म्हणून. आणि १९७० मध्ये त्याच फेंडर कंपनीने काय विकायला काढलं? बिनफ्रेटचा प्रिसिजन बास. नेमकेपणाची जबाबदारी आता तुमच्या कानावर, साहेब!

तर आता स्टेजवर येतोय या खेळाचा हिरो. टाळ्या! जॅको पास्टोरियस. फ्लोरिडाचा पोरगा, जन्म १९५१. १९६२ चा फेंडर जॅझ बास त्याच्या हातात आला आणि त्यावरचे फ्रेट आपण लोणी लावायच्या सुरीने उपटले असं तो सांगायचा. या कथेच्या आणखी आवृत्त्याही त्यानेच सांगितल्यात, पण जगाने सुरीच उचलून धरली. फ्रेट निघाल्यावर उरलेल्या खाचा त्याने लाकडाच्या लांबीने बुजवल्या. आणि वर काय फासलं, माहीत आहे का? बोटींना लावतात ते इपॉक्सी!

का बरं? कारण जॅकोच्या तारा होत्या स्टीलच्या, राउंडवाउंड. म्हणजे गाभ्याच्या तारेभोवती दुसरी गोल तार गुंडाळलेली. ही खरखरीत तार लाकडावर रोज घासली की लाकूड कानस फिरवल्यागत झिजतं. इपॉक्सीचं कवच चढवलं की बोटांखालचं हे लाकूड, म्हणजे फिंगरबोर्ड, वाचतं, आणि बोनस म्हणून आवाजाला काचेची चमक येते. एका डब्यात दोन कामं!

वेदर रिपोर्ट बँडच्या जो झाविनुलने जॅकोची टेप ऐकली आणि विचारलं, अरे, तू इलेक्ट्रिक बासपण वाजवतोस का? त्याला वाटलं होतं की टेपवर मोठा उभा डबल बासच वाजतोय. पुढे १९७६ मध्ये जॅकोचा स्वतःचा अल्बम आला आणि जगभरच्या बासवादकांनी घरातल्या सुऱ्या शोधायला घेतल्या.

या बासचं टोपणनाव ‘बास ऑफ डूम’. त्याची कुंडली तर सिनेमाला लाजवेल अशी. आधी तुकडे झाले, मग ते जोडले, मग १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या बागेतून बास चोरीला. २००६ मध्ये तो पुन्हा उगवला. २०१० मध्ये मेटॅलिका बँडच्या रॉबर्ट ट्रुहीयोने पैशांची मदत केली, तेव्हा कुठे तो जॅकोच्या घरच्यांकडे परतला. जॅको मात्र १९८७ मध्येच गेला होता, वयाच्या अवघ्या पस्तिसाव्या वर्षी.

पुढचा किस्सा मिरजेचा. दचकलात? पण तिथली वाट आधी आवाजातून जाते.

फ्रेटलेस बासच्या आवाजाला वादक ‘म्वाऽऽह’ म्हणतात. सूर छेडला की लगेच विझत नाही, क्षणभर थांबून फुलतो. कशामुळे? फ्रेट असला की तार धातूच्या एका बारीक धारेवर टेकते आणि तिथून मोकळी सुटते. फ्रेट नसला की ती सपाट फिंगरबोर्डावरून अगदी लहान कोनात वर निघते आणि थरथरताना लाकडाला पुन्हा पुन्हा हलकासा स्पर्श करते. त्या स्पर्शातून वरचे उपस्वर उमलतात. ओळखीचं वाटतंय ना? ही तर तंबोऱ्याची जवारी! तिथेही घोडी रुंद आणि किंचित उताराची असते, तार तिला पुसट चाटत राहते, आणि मधे सरकवलेला सुती धागा वादक केसभर पुढे-मागे करून आवाज उघडतो.

माहीत आहे का, या जवारीवर कुणी शोधनिबंध लिहिला? चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी! १९२१ मध्ये, नोबेलच्या नऊ वर्षं आधी. तार जिथे छेडाल, तिथे ज्या उपस्वराचा शून्यबिंदू पडतो, तो उपस्वर ऐकूच येता कामा नये असा जुना नियम. तंबोरा हा नियम खुशाल मोडतो, हे रामन यांनी दाखवलं. श्रेय घोडीच्या त्या उताराचं.

आणि विचित्र मटेरियलचं म्हणाल तर तंबोऱ्याएवढं भारी उदाहरण कुठलं? शेतातला भोपळा वाळवून त्याचं वाद्य! मिरजेत हे काम सुरू केलं ते शिकलगारांनी. पूर्वी तलवारींना धार लावणारी मंडळी. ब्रिटिश अमदानीत तलवारींचं काम आटलं आणि हात तारांकडे वळले. फरीदसाहेब शिकलगार हे त्यातलं आद्य नाव. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. भोपळ्याला जागतिक मान!

आता जरा टेप आणा. शिंप्याची चालेल.

बासच्या तारेची नेहमीची लांबी ३४ इंच. मोकळी तार हा तुमचा सा. आता दांडीच्या टोकाकडून मोजायला लागा. बरोबर निम्म्यावर, १७ इंचांवर बोट ठेवा: तार सा. एक तृतीयांशावर, म्हणजे सव्वाअकरा इंचांच्या किंचित पुढे: पंचम. एक चतुर्थांशावर, साडेआठ इंचांवर: मध्यम. ना फ्रेट, ना ॲप, ना ट्यूनर. नुसता भागाकार, आणि सूर हजर!

खरा धमाका गंधारावर. एक पंचमांश म्हणजे ६.८ इंच. तिथे तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येतो तो शुद्ध गंधार बसलाय. पण फ्रेटवाल्या बासवर गंधाराचा फ्रेट कुठे ठोकलेला असतो? ७ इंचांच्या किंचित पुढे. म्हणजे पाच मिलिमीटर लांब, आणि सूर तेवढा चढा. कारण गिटारचे सगळे फ्रेट समान बारा भागांच्या हिशोबाने बसतात. दर वेळी उरलेल्या लांबीला १७.८१७ ने भागायचं, तिथे पुढचा फ्रेट. हिशोब चोख, पण कुठल्याही पट्टीत वाजवायची सोय व्हावी म्हणून गंधाराला थोडं सोसावं लागतं. फ्रेटलेसवर बोट पाच मिलिमीटर मागे घ्या आणि गंधार जागेवर! माझ्या मते या वाद्याचं सगळं सोनं त्या पाच मिलिमीटरमध्ये आहे.

मोजमाप संपलं, मटेरियलची परेड सुरू!

लिपस्टिक. हो, लिपस्टिक! अमेरिकेतल्या डॅनइलेक्ट्रो कंपनीने पिकअपची, म्हणजे तारांची थरथर टिपणाऱ्या चुंबकाची, आवरणं चक्क लिपस्टिकच्या नळ्यांची केली. गिटारचं अंग लाकडी चौकटीवर हार्डबोर्ड चिकटवून केलेलं. तरी आवाज असा की त्या पिकअपला आजही ‘लिपस्टिक पिकअप’ म्हणूनच मागणी आहे. ओठांवरून थेट तारांखाली!

रबर. १९८६ मध्ये आलेला ॲशबरी बास. लांबी फक्त १८ इंच, फ्रेट शून्य आणि तारा सिलिकॉन रबराच्या! आकार खेळण्याएवढा, पण आवाज भल्या मोठ्या डबल बासचा. बोटं रबराला चिकटतात, म्हणून वाजवणारे आधी हाताला टाल्कम पावडर लावतात. कॅरम आणि बास, दोघांचा डबा एकच.

कार्बन. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गरने बासचं डोकंच उडवलं. खुंट्या खालच्या टोकाला, अंग कार्बन आणि काचेच्या तंतूंचं. लाकडाचं नाव नाही.

स्टील. फ्लीटवूड मॅक बँडच्या जॉन मॅकव्हीकडे स्टेनलेस स्टीलच्या फिंगरबोर्डाचा फ्रेटलेस बास होता. आपण म्हणणार, त्यात काय नवल? आमच्या सरोदला कधीपासून धातूची गुळगुळीत पट्टी आहे आणि वादक त्यावर नखाने मींड ओढतात!

बर्फ. स्वीडनमधल्या लुलेओ इथे टिम लिनहार्टने बर्फाची व्हायोलिनं आणि चेलो बनवली आणि बर्फाच्याच घुमटात मैफली रंगवल्या. इथे वाद्य ‘वितळणारं’ असतं, शब्दशः!

शेकोटी. क्वीन बँडच्या ब्रायन मेची ‘रेड स्पेशल’ ही बास नाही, फ्रेटलेसही नाही, पण तिला वगळून घरगुती वाद्यांची गोष्ट सांगणं म्हणजे पाप. १९६३ मध्ये बापलेकांनी मिळून ती घडवायला घेतली. दांडी कशाची? जुन्या शेकोटीच्या लाकडी कठड्याची. किड्यांनी पाडलेली भोकं आगकाड्या ठोकून बुजवली. स्प्रिंगा मोटारसायकलच्या. फ्रेटमधल्या खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं, आणि सूर हलवणाऱ्या हँडलच्या टोकाला आईचीच विणकामाची सुई. हीच गिटार पुढे जगभरच्या स्टेडियममध्ये वाजली.

आणि आता थोडं हळू. पॅराग्वेतल्या असुन्सिओन शहराजवळ कातेउरा नावाची वस्ती आहे, कचऱ्याच्या प्रचंड डेपोला लागून. तिथे फाविओ चावेस मुलांना संगीत शिकवायला लागला. मुलं जास्त, वाद्यं कमी. मग कचरा वेचणाऱ्या निकोलास गोमेसने कचऱ्यातूनच वाद्यं घडवायला घेतली. एका चेलोचं अंग तेलाच्या डब्याचं, लाकूड फेकून दिलेलं, खुंट्यांसाठी मांस ठेचायचं जुनं हत्यार. त्या डब्यावर एक मुलगा बाखची रचना वाजवायचा. चेलो म्हणजे बिनफ्रेटचंच वाद्य, त्यामुळे सूर सगळा त्या पोराच्या बोटांत आणि कानात. वस्तीतला हा ऑर्केस्ट्रा पुढे देशोदेशी फिरला. कुणाच्या वाद्याला ‘डबडं’ म्हणण्याआधी हे एकदा ऐका.

चार तारा जास्त वाटतात? एकीवरही भागतं!

अमेरिकेत कपडे धुवायचा पत्र्याचा टब उपडा घातला, मधे दोरी ओवली, दोरीचं दुसरं टोक दांडक्याला. दांडकं मागे ओढा, सूर चढतो. झाला वॉशटब बास! मात्र सूर एक सप्तक वर न्यायचा तर ताण दुप्पट नाही, चौपट करावा लागतो. बासवाल्यांचे दंड उगाच नाही भरत.

इंग्लंडमध्ये टबाच्या जागी चहाचं खोकं आलं. भारतातून आणि सिलोनमधून जहाजाने चहा जायचा तो प्लायवूडच्या खोक्यांतून. चहा संपला की खोकं पोरांच्या ताब्यात. ६ जुलै १९५७ ला लिव्हरपूलच्या एका चर्चच्या जत्रेत क्वारीमेन नावाचा पोरासोरांचा बँड वाजवत होता, आणि त्यांचा बास म्हणजे असंच चहाचं खोकं. त्या बँडचा म्होरक्या जॉन लेनन. त्याच दिवशी त्याची पॉल मॅकार्टनीशी ओळख झाली. बीटल्सच्या मुळाशी चहा निघाला की नाही?

झांझिबारच्या किडुंबाक संगीतातही हेच खोकं आहे, तिथे त्याला सांडुकू म्हणतात. मलावीत बाबातोनी: पुरुषभर उंचीची दांडी, एक तार, आणि तारेवर सरकवायला बाटली. मडालित्सो बँड रस्त्यावर वाजवता वाजवता हा बाबातोनी घेऊन थेट युरोपच्या महोत्सवांत पोचला.

आणि आपल्याकडे? कोल्हापूर-सांगलीकडे यल्लम्माच्या जोगत्यांकडचं चौंडकं पाहिलंय? लाकडी नळकांडं, एका तोंडाला कातडं, कातड्यातून निघालेली तार आणि तारेचं टोक मुठीत. मूठ ताणली की सूर चढतो, सैल केली की उतरतो. वॉशटब बासचं सगळं विज्ञान काखेत मावणारं! बंगालच्या बाउलांचं खमकही त्याच कुळातलं. जागतिक बासच्या गप्पांत चौंडक्याचं नाव निघत नाही, हे मला खुपतं. निघायलाच हवं.

बरं, आता तुमची पाळी.

घरी बास करायचा तर फ्रेटलेसच करा. कारण साधं आहे: गिटार घडवण्यातलं सगळ्यांत किचकट काम म्हणजे फ्रेट बसवणं, आणि इथे ते कामच नाही! कुठलाही फ्रेट अर्धा मिलिमीटर चुकण्याची भीती नाही, कारण तो नाहीच.

खरा शत्रू म्हणजे ताण. स्टीलच्या चार तारा मिळून दांडीला ७५-८० किलोंनी ओढतात. एक धडधाकट माणूस रात्रंदिवस लोंबकळत असल्यासारखं समजा. त्यामुळे अंग कशाचंही चालेल, पत्र्याचा डबा, ड्रॉवर, सुटकेस. पण दांडी भक्कमच हवी. पुण्यात जुने वाडे पाडल्यावर निघालेलं सागवान विकायला येतं, ते बघा. वर्षानुवर्षं मुरलेलं लाकूड सहसा वाकडं होत नाही. हवं तर पाठीमागून ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप बसवा.

ताण कमी हवाय? मग तारा बदला. गवत कापायच्या मशीनमध्ये नायलॉनची जाड दोरी असते ना, ती काही डबल बासवाले खरोखर तार म्हणून चढवतात. नायलॉन मऊ, त्यामुळे फिंगरबोर्डाला साधा सनमायका पुरतो. वर स्टीलच्या तारा लावणार असाल तर सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड घ्या.

घोडी म्हणून जाड बोल्ट, तारा अडकवायला दाराची बिजागरी. सिगार बॉक्स गिटार करणाऱ्यांची ही ठरलेली युक्ती. हार्डवेअरच्या दुकानात सगळं मिळतं.

आवाज अँपपर्यंत कसा न्यायचा? चुंबकाचा पिकअप हातानेही गुंडाळता येतो, पण तार केसाएवढी बारीक आणि जॅझ बासच्या पिकअपला वेढे नऊ हजारांच्या आसपास! शिवाय नायलॉन आणि रबर चुंबकाला दिसतच नाहीत. त्यापेक्षा पिएझो चकती घ्या. बझरमध्ये असते ती, पितळी, नाण्याएवढी. दाबली की वीज निर्माण होते. हा गुण पिएर क्युरी आणि त्याचा भाऊ जाक यांनी १८८० मध्ये शोधला, आणि तुमच्या ओट्यावरचा गॅस लायटर त्यावरच ठिणगी पाडतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड. चकती तिथे मिळेल. ती घोडीच्या खाली घट्ट चिकटवा. थेट अँपला जोडलीत तर आवाज पातळ येतो आणि खर्ज गायब होतो, म्हणून मधे छोटा प्रीअँप लावाच.

पहिल्याच फटक्यात चार तारांच्या मागे लागू नका. एक फळी, एक तार, एक चकती. ‘इट माइट गेट लाउड’ या २००८ च्या माहितीपटाच्या सुरुवातीलाच गिटारवादक जॅक व्हाइट फळी, खिळे, तार आणि कोकची बाटली घेऊन समोर उभं करतो ते असंच एकतारी वाद्य. बघून हात शिवशिवले नाहीत तर सांगा!

फळी तयार झाली की टेप लावून सा, म, प आणि तार सा यांच्या खुणा दांडीच्या कडेला पेन्सिलीने करा. सोबत तंबोरा लावा, सावकाश बोट सरकवा आणि गंधार शोधा. फक्त दोन गोष्टी पाळा: इपॉक्सी वापरणार असाल तर कालवताना हातमोजे घाला आणि खिडक्या उघड्या ठेवा. आणि तार चढवताना डोळ्यांवर चष्मा हवाच, कारण ताणलेली तार तुटली की सरळ तोंडावर येते.